पुनव जवळ आली नि बोटीची बॅटरी चार्ज होईना

चार्जरच्या काचेत एक काटा असतो. बॅटरी वीज घेत असली की तो उजवीकडे सरकतो, घेत नसली की डावीकडे पडून राहतो. त्या वर्षी नारळी पुनवेच्या आधीचे दिवस मी त्या काट्याकडे बघत काढले.

मी शाळा फार केली नाही. चौथीत मास्तरांनी मला बाकावर उभं केलं, तो मी खाली उतरून जो समुद्रावर गेलो तो परत बाकावर बसलो नाही. त्यामुळे लिहिण्यात कुठं मागंपुढं झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मशीनबद्दल जे लिहितो ते मात्र बरोबर आहे, त्यात कुणी दुरुस्ती सुचवू नये.

तारापूरच्या पुढं किनाऱ्याला आमचं गाव. बोट माझी आणि धाकट्या भावाची, दोघांची मिळून. बाप गेल्यावर तांडेल मी झालो. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, जाळं कुठं टाकायचं नि कधी परत फिरायचं हे ठरवणारा. त्याच्या शब्दावर खलाशी उठतात नि बसतात. आमच्या बोटीचा एक रिवाज होता. पावसाळा संपून बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली की मशीन ज्याच्या हातानं सुरू होईल तो त्या वर्षाचा तांडेल. शिडाच्या काळात जो शीड चढवील तो, मशीन आल्यावर जो हँडल मारील तो. बापानं मारलं, मग मी मारत आलो.

तर त्याच हँडलनं माझा घात केला. जुनं मशीन सुरू करताना ते एकदा उलटं फिरलं नि माझा उजवा खांदा निखळला. उमरोळीच्या एका हाडवैद्यानं तो बसवला. बसला खरा, पण हात छातीच्या वर जाईना. सदऱ्याची बाही बायको चढवून द्यायची, तेही दार लोटून घेऊन. बाहेर कुणाला सांगायची गरज मला वाटली नाही. पुढं आम्ही सेल्फवालं मशीन घेतलं. बटण दाबलं की बॅटरीच्या जोरावर मशीन आपोआप फिरतं. जुनं मशीन डिझेल फार पितं असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही काही खोटं नव्हतं.

नव्या मशीनलाही हँडल होतंच, बॅटरी बसली तर असावं म्हणून. म्हणजे हिशेब सरळ होता. बॅटरी भरलेली असली तर मी अंगठ्यानं मशीन सुरू करणार नि तांडेल राहणार. नसली तर हँडल मारावं लागणार, ते भाऊ मारणार, आणि मी, जाळं ओढायला हात चालत नाही म्हणून, वाळूवर उभा राहून बोट जाताना बघणार. भाऊ वाईट नव्हता. पाण्याचं त्याला चांगलं कळायचं. पण माझं वय तेव्हा वाळूवर उभं राहायचं नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारली तेव्हा बॅटरी काढून मी घरी आणली होती. आदल्या वर्षी ती बोईसरला दुकानात नेऊन चार्ज केली होती. या वर्षी मी स्वतःचा चार्जर घेतला, कुणाच्या दुकानात रांगेत उभं राहणं मला आवडत नाही म्हणून. पुनव जवळ आल्यावर बॅटरी माळ्यावरून उतरवली, ओटीवर ठेवली, चार्जरचे चिमटे तिच्या डोक्यावरच्या शिशाच्या दोन खुंटांना लावले, लाल ते लालला नि काळं ते काळ्याला. बटण दाबलं. काटा पडलेला.

पहिला संशय प्लगवर. आमच्याकडं तेव्हा वायरीची उघडी टोकं भोकात घालून आगपेटीच्या काड्यांनी पक्की करायची पद्धत होती, प्लग कोण घेतो. काड्या बदलल्या. काटा पडलेला. त्याच भोकात बल्ब लावून बघितला, तर बल्ब पेटला, जरा पिवळा पण पेटला. म्हणजे वीज होती. चार्जरही हलका गुणगुणत होता. मग बॅटरीची बुचं काढून आत पाणी बघितलं. पाणी बरोबर. चिमटे काढून परत लावले, दाबून लावले, दोरीनं आवळून बांधले.

भाऊ ओटीच्या पायरीवर बसून बघत होता. म्हणाला, "दादा, ती मेली हाय. तिला मातीत घाल."

"तुज्या लग्नाआदीची नाय ती. मागल्या साली घेतली."

"मग चार्जर मेला आसंल."

"चार्जर नवा हाय."

"मग तूच सांग, मेलंय कोन?" असं म्हणून तो हसला. मग जरा थांबून म्हणाला, "आनि नाय भरली तर नाय भरली. हँडल हाय की. मी मारतो."

मी बॅटरी गोणपाटात बांधली.

दुसऱ्या दिवशी ती नि चार्जर घेऊन एसटीनं बोईसरला निघालो. कंडक्टर म्हणाला, "काका, हे ॲसिड कुनाच्या पायावर सांडलं तर?" मी म्हटलं, "माज्याच पायावर सांडेल, मांडीवर घेऊन बसतोय." आणि खरोखर बोईसरपर्यंत मांडीवरच घेऊन बसलो. शेजारची बाई उठून पुढं जाऊन उभी राहिली.

सरावलीच्या बाजूला बॅटरीचं एक लहान दुकान होतं. दुकानदार उत्तरेकडचा, आधी कारखान्यात कामाला होता म्हणे. त्यानं बॅटरी उचलून बाकावर ठेवली, काचेची नळी आत बुडवून पाणी वर ओढून बघितलं नि म्हणाला, "चाचा, बैटरी एकदम जवान है. बस, भूखी है."

"खाती नहीं है ना," मी म्हटलं. "वोही तो बोलता है मैं."

त्यानं खुंटांवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, तोंड वाकडं केलं. "ये क्या लगाया है?"

"मुशी का तेल."

मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाचं तेल आम्ही बोटीच्या लाकडाला, लोखंडाला, सगळ्याला लावतो. खाऱ्या हवेत उघडं लोखंड टिकत नाही, बॅटरीचे खुंट तर हिरवे-पांढरे फुलून येतात. आमच्या घरात बिजागऱ्यांनाही तेच तेल. बॅटरी माळ्यावर ठेवताना मी खुंटांना चांगला जाड हात मारला होता. दुकानदारानं मला काही न विचारता पॉलिश पेपर घेतला नि दोन्ही खुंट खसाखस घासून पांढरे केले. मला ते आवडलं नाही. मग माझाच चार्जर लावला, आणि काटा टुणकन उजवीकडं गेला.

"देखा? आपका चार्जर भी ठीक, बैटरी भी ठीक. घर ले जाओ, लगा के छोड दो. कल शुक्रवार है, इधर लाइट बंद रहेगी, मैं नहीं रख सकता."

मी खुश होऊन परत आलो. घरी आल्यावर बॅटरी बघितली तर खुंट दोन्ही उघडे, चकचकीत. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. असे उघडे ठेवून कसं चालेल? लगेच बाटली काढली नि तेल लावलं, पहिल्यापेक्षा जाड. त्या दिवशी गावातली वीज गेलेली होती. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. चिमटे लावले, बटण दाबलं.

काटा पडलेला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. बोईसरला चालते नि घरी चालत नाही, म्हणजे घरच्या विजेतच जोर नाही. मी बॅटरी उचलून शेजाऱ्याकडं नेली, त्याच्या घरात वायर नवी होती. तिथंही तेच. मग आळीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत नेली. तिथं गिरणीचा पट्टा भिंतीएवढा फिरतोय, म्हणजे जोर कमी असण्याचा प्रश्नच नाही, आणि काटा आपला झोपलेला. गिरणीवाला म्हणाला, "दळून पायजे का?" रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या.

भावाला हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी येऊन म्हणाला, "तुजी बॅटरी बोईसरलाच जेवते वाटतं. घरचं आवडत नाय तिला."

"वीज कमी पडते."

"गिरनीला पुरते नि हिला नाय पुरत?" मग खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, उद्या पुनव. मी खलाशांना सांगून ठेवतो, हँडल मी मारनार म्हनून. तुला खांदा दुखतो, ठाव हाय मला. सगळ्यांनाच ठाव हाय."

हे ऐकून मला बॅटरीपेक्षा जड काहीतरी उचलल्यासारखं झालं. मी म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत कुनाला काय सांगू नको." तो बरं म्हणून गेला.

बायको बोईसरच्या बाजारातून सुके बोंबील विकून आली होती. टोपली खाली ठेवली, पाय धुतले नि माझ्यासमोर बसली. मी न सांगताच तिला सगळं कळलेलं होतं, गिरणीतल्या बाया वाटेत भेटल्या असणार.

"त्या भैय्यानं काय काय केलं ते सांगा. पयल्यापासून."

"सांगून काय हुनार? वीज..."

"विजेचं राहू द्या. त्यानं काय केलं?"

मी सांगितलं. नळी बुडवली, पाणी बघितलं, खुंट खरवडले, चिमटे लावले.

"नि घरी आनल्यावर तुमी काय केलं?"

"तेल लावलं."

"कंदी लावलं?"

"आल्या आल्या. मग लाइट आली तेव्हा चिमटे लावले. काय चुकलं?"

तिनं टोपली पुढं ओढली. बोंबील साफ करायची सुरी टोपलीत होती, ती घेतली नि तिच्या टोकानं एका खुंटाला ओरखडा काढला. तेल सुकून त्याची पापडी झाली होती. सुरीखाली ती गुंडाळत निघाली, बोंबलाचं कातडं निघतं तशी. तिनं ती दोन बोटांत धरून माझ्या डोळ्यांसमोर नेली.

"हे बघा. तुमचा चिमटा ह्याला धरतोय. बॅटरीला कुटं धरतोय?"

"आपल्या बोटीला किती साल लावतोय हे तेल!"

"म्हनून तर पानी आत येत नाय," ती म्हणाली. "पानी नाय जात तितनं वीज कशी जाईल?"

तिनं दोन्ही खुंट खरवडून साफ केले, चिमट्यांचे दातही खरवडले. मी चिमटे लावले नि बटण दाबलं. काटा जागचा उठला, जरा थरथरला, आणि उजवीकडं जाऊन उभा राहिला. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत बसलो. बुचांपाशी कान नेला तर आत बारीक बुडबुडे ऐकू येत होते.

मग मी तेलाची बाटली घेतली नि चिमटे लावलेले असतानाच वरून एक हात मारला. बायको म्हणाली, "परत?" मी म्हटलं, "आता वरनं लावतोय. चिमट्याच्या आत गेलं नाय मंजे झालं." माझं म्हणणं आजही तेच आहे. तेलात चूक नव्हती. आधी चिमटा नि मग तेल, एवढंच ध्यानात ठेवायचं. ती म्हणाली, "आदी की मागनं ते तुमी ठरवा, मला भात टाकायचाय," आणि चुलीकडं गेली.

सकाळी बॅटरी बोटीवर चढवली, खुंट पुसून मशीनच्या वायरींचे चिमटे त्यांना आवळले. दुपारच्या भरतीला सगळं गाव किनाऱ्यावर होतं. नारळ वाहून झाला, बोट ढकलून पाण्यात घातली. खलाशी चढले. भाऊ मशीनपाशी हँडल हातात घेऊन उभा होता. माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या बघण्यात चेष्टा नव्हती. मी खाली वाकून चिमटे बघितले, मग बटणावर अंगठा ठेवला.

पहिल्यांदा मशीन नुसतं कण्हलं. पावसाळाभर बंद असलेलं मशीन थंड असतं, तेल घट्ट असतं. खलाशांतला एकजण खोकला. मी अंगठा काढला, जरा दम घेऊ दिला, नि परत दाबला. फिरलं, फिरलं, आणि मग नळीतून काळा धूर टाकून एकदम चालू झालं. पायाखालच्या फळ्या थरथरायला लागल्या. किनाऱ्यावरून बायांचा ओरडा ऐकू आला.

भावानं हँडल फळीखाली सारलं. सुकाणूची जागा रिकामी होती. तो तिथं गेला नाही, मी गेलो. डाव्या हातानं सुकाणू धरलं, उजवा मांडीवर ठेवला. आमच्या खाडीच्या तोंडाशी पावसाळ्यात वाळू सरकते, दरवर्षी वाट बदलते, त्यामुळे पहिल्या फेरीला कुणीतरी पुढं उभं राहून बांबूनं पाणी मोजावं लागतं.

"पुढं जा," मी भावाला म्हटलं. "पानी सांग."

त्यानं बांबू उचलला नि पुढं जाऊन उभा राहिला. बांबू खाली घातला, वर काढला, ओल्या खुणेकडं बघितलं.

"डाव्या अंगाला घे, दादा," तो ओरडला. "इकडं बक्कळ हाय."

मी डावीकडं घेतलं.