अभ्यासू नेत्याचं जाड पुस्तक

कापड मिल बंद पडल्यावर मी गल्लीतल्या मराठी वाचनालयात फुकटची नोकरी धरली. एका सकाळी आमच्या वॉर्डाचे नेते फोटोग्राफर घेऊन आले. निवडणूक तोंडावर होती आणि त्यांना अभ्यासू दिसायचं होतं.

इकडच्या हिंदीमिश्रित मराठीत मला म्हणाले, "भिया, इंग्रजी द्या. एकदम मोटी किताब पाहिजे."

इंग्रजी आणि जाड असं आमच्याकडे एकच होतं: मिलमधून कुणीतरी आणून टाकलेला, मागाच्या सुट्या भागांचा कॅटलॉग. काळी कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. मी मुकाट्यानं दिला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, एका ओळीवर बोट ठेवलं, फोटो निघाला. पुस्तकही ते घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि घोटाळा झाला. मिलमधल्या आमच्या विणकाम खात्याच्या म्हाताऱ्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, तो कॅटलॉग जन्मभर हाताळलेला. त्यानं बांधणीवरूनच ओळखला. दुपारी वाचनालयासमोर मिलच्या कामगारांची ही गर्दी! सगळे इस्त्रीच्या शर्टांत, खिशात मिलचे जुने पास. "नेताजी मागाचे पार्ट बघतायत, म्हणजे मिल चालू होणार!" मी खरं सांगितलं, तर मलाच शिव्या बसल्या.

सगळे नेताजींच्या बंगल्यावर गेले. जॉबरनं हार घातला आणि विचारलं, "पुस्तक कसं वाटलं?"

नेताजी गहिवरून म्हणाले, "अर्धं वाचून झालंय. विचार फार खोल आहेत."

पुस्तकात नट, स्प्रिंगा आणि त्यांचे नंबर, एवढंच होतं. जॉबर पुढे झाला आणि त्यानं हार काढून घेतला.