नेई करावाची नऊ नातवंडं

बबाई म्हणजे खड्ड्यातल्या गोड्या पाण्यात वाढणारा अळूचा भला थोरला कंद. त्यातली नेई करावाएवढी जाणकार आमच्या बेटावर दुसरी नाही; नेई म्हणजे आमच्याकडे बाई. कुठला पाला, किती सुकवून, कधी घालायचा, हे तिला तिच्या आजोबांनी शिकवलं. असली विद्या घराबाहेर जात नाही, म्हणून खत घालायला ती पहाटे एकटीच जायची. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. तांदूळ जहाजाने येत होता. चिखलात उतरतो कोण?

मग फेब्रुवारीच्या मोठ्या भरतीला समुद्र गावात शिरला. नऊ घरांचे खड्डे खारट झाले, होते ते कंद सडले; बेटाच्या मध्यावरचा करावाचा तेवढा वाचला. त्यातच जहाज पाच आठवडे आलं नाही. मासे आणि नारळ होते, पुढे नारळही अर्धा-अर्धा वाटून खायची वेळ आली.

राजधानीहून विमानाने आहार अधिकारी आले. "बंधूंनो, आं... आहारात, आं... विविधता आणा!"

"साहेब, आधी आहार तर आणा," मागून कुणीतरी म्हणालं.

ते गेल्यावर सभाघरात तियाओन उठला. वय अडुसष्ट. "करावा, नवे खड्डे आम्ही खणतो. पाला कुठला तेवढं सांग. तुझा एकटीचा खड्डा गावाला किती पुरणार?"

"घरची विद्या वाटलीस तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस!" तिचा भाऊ तेकिनेने गरजला.

सख्खा भाऊ तोडायचा, का गाव उपाशी ठेवायचं? करावाने चटईची कड चाचपली. मग म्हणाली, "तेकिनेने, दत्तक घेतलेलं नातवंड घरचंच ना रे?"

"घरचंच की! हे काय विचारणं झालं?"

"मग नऊ घरांतून एकेक नातवंड द्या मला."

तेकिनेनेने कपाळावर हात मारला. दत्तक मागितलं तर आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

"आमच्या घरात मी एकटाच आहे," तियाओन पुटपुटला.

"मग तूच ये, बाळा."

ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. सभाघर खो खो हसलं.

"आणि मी यांचा कोण?" तेकिनेनेने विचारलं.

"आजोबा! ऊठ, कुदळ आण."

बेटाच्या मध्यावर खड्डे झाले. कंद पोसायला तीन वर्षं लागतील. "पाला ओला आहे, गाढवा!" असा करावाचा आवाज हल्ली पार किनाऱ्यापर्यंत येतो, त्यामागून तियाओनचं "चुकलो, आजी." जहाज आलं तेव्हा नातवंडं तांदूळ घरी टाकून परत खणायला गेली.

तेकिनेने बहिणीशी अजून नीट बोलत नाही. कुदळ घेऊन मात्र रोज येतो.