एका प्रेक्षकाचं चॅनेल

माझ्या मामांइतका टीव्हीवर जीव जडलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या बायकोनं त्याला एव्हाना घराबाहेर काढलेलं असणार. माकणीत पहिली केबल टाकली ती मामांनी. लिंबाच्या झाडांवरून, गोठ्यांच्या पत्र्यांवरून, एका ठिकाणी तर चक्क पाण्याच्या टाकीला वेढा घालून त्यांनी वायर नेली होती. चित्र वायरीतून चालत जातं आणि फार लांब गेलं की दमतं, हे त्यांचं ठाम मत. धरणाकडच्या शेवटच्या घरात ते फिकट दिसायचं. तक्रार आली की मामा शांतपणे म्हणायचे, "लई लांबून आलंय ते. जरा दम खाऊ द्या की त्याला!" आणि लोक खरंच खाऊ द्यायचे.

कुणाचाही टीव्ही दिसला की त्याचे रंग नीट केल्याशिवाय मामांना चैन पडत नसे. कळंबला एका लग्नात ते कार्यालयातल्या टीव्हीशी असे काही भिडले, की त्या लग्नाच्या निम्म्या फोटोंत नवरानवरीच्या मागं मामांची नुसती पाठ आहे. रविवारी दुपारी दोनला ते स्वतःच्या चॅनेलवर सिनेमा लावायचे, खाली पट्टीवर हरवलेल्या म्हशींच्या बातम्या. स्वतः मात्र सिनेमा कधी बघत नसत. माडीवर मशीन सुरू करून गच्चीवर जाऊन बसायचे आणि ऐकायचे. विनोद झाला की गावभर एकदम हसू उठायचं. डोळे मिटून ते ऐकत बसलेले मामा मला अजून तसेच दिसतात.

मग घरोघरी फोन आले. प्रत्येकाचा सिनेमा प्रत्येकाच्या हातात गेला आणि मामांची कनेक्शनं गळत गळत शेवटी एकच उरलं, ते त्यांच्याच घरातलं, खालच्या खोलीतलं. "ज्या दिशी कुनीच बघनार न्हाय, त्या दिशी वायर गुंडाळतो," असं त्यांनी जाहीर केलं होतं. मी पुण्याचा शहाणा. म्हटलं, "मामा, आता ओटीटीचा जमाना आहे. पाहिजे ते, पाहिजे तेव्हा."

"आन् शेजारची बाई हसली का न्हाय, त्ये कुठं कळतं रं त्यात?"



यंदा दिवाळीला गेलो तेव्हाचा रविवार. बाहेर कोवळी थंडी, धरणावरून येणारा वारा, सगळं गाव कसं पेंगुळलेलं. खालच्या खोलीत मी आणि मामी सिनेमा बघत होतो. मामी मध्येच उठून आत गेली आणि थोड्या वेळानं पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबलं. मशीन गेलं की काय म्हणून मी धावत माडीवर गेलो. मामा गुडघ्यांवर हात ठेवून निवांत बसले होते.

"भांडं वाजलं खाली. तुजी मामी च्या ठिवायला उठली आसंल. यिऊ दे तिला."

मामीला बोलवायला मी खाली गेलो. स्वयंपाकघरात काय दिसलं? चहा उकळतोय, पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला, आणि कानात ते इअरफोनचं बोंडूक घालून मामी तिची मालिका बघण्यात गुंग. मी तिच्या खांद्याला हात लावला, तसं तिनं बोंडूक काढलं. म्हटलं, "मामी, मामांनी सिनेमा थांबवलाय. तुझ्यासाठी."

मामी चटकन उठली. "आगं बया! माज्यासाटी?" तिनं गॅस बारीक केला, फोन बंद करून डब्यामागं सारला आणि ओल्या हातानंच टीव्हीसमोर येऊन बसली. तो सिनेमा तिनं चाळीसदा तरी पाहिला असेल. म्हणाली, "जा, सांग त्यान्ला. बसले म्हनावं."

मी पुन्हा वर गेलो. निरोप सांगितला. मामांनी बटणाकडं हात नेला, मग थांबले आणि माझ्याकडं न बघताच हळूच विचारलं, "फोन ठिवला का तिनं?"

"ठेवला, मामा."

त्यांनी बटण दाबलं आणि गच्चीकडं गेले. मीही त्यांच्यामागं जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं खालून मामीचं हसू आलं, एकटंच, आणि मामांनी डोळे मिटून घेतले.