साडूंची बेरीज

आमच्या साडूंनी ज्याला कधी धक्का दिला नाही असा माणूस महाड-पोलादपुरात शोधून सापडायचा नाही, आणि धक्का दिल्याचं त्यांना स्वतःला कधी कळतही नाही. हे गृहस्थ महाडच्या एका कॉलेजात गणित शिकवतात. दोन निरोप एकात कसे बसवायचे, हा त्यांचा ध्यास. मधल्याने दोघांचं ऐकून घ्यायचं आणि वेगवेगळं सांगत न बसता एकदाच बेरीज सांगायची. ज्याने त्याने आपलं वजा करावं, उरेल ते दुसऱ्याचं! मी नुसती मान डोलवली होती. मग एकदा माझ्या बायकोने आणि तिच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे साडूंच्या बायकोने, आपापलं वजन त्यांच्या कानात विश्वासाने सांगितलं. साडू भर पंगतीत म्हणाले, “एकशे एकेचाळीस.” दोघींनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि दोघी एकदमच किंचाळल्या. “मी कुणाचंच वजन फोडलेलं नाही,” साडू ताक ओरपत म्हणाले.

याच खुळापायी त्यांनी आपलं महाडचं घर आणि आमचं पोलादपूरचं घर यांच्यामधल्या डोंगरावर, एका वाडीत, रेडिओची पेटी बसवली. दोन्हीकडचे लेखी निरोप ती एकत्र करायची आणि एकदाच सोडायची. वाडीतल्या शेळ्या राखणाऱ्या काकूंनी विचारलं, “सर, ही खाते काय?” “ऊन,” साडू म्हणाले. “मंग पावसात उपाशीच नाय काय ती?” साडू पेटीवरची सौरपाटी रुमालाने पुसायला लागले.

पुढे साडू आमच्याकडे आलेले असतानाच सावित्री नदीचं पाणी महाडात शिरलं. रस्ता बंद, मोबाईल मुके. ज्याची लेक महाडात, ज्याचा भाऊ महाडात, असे सगळे आमच्या पडवीत गोळा झाले. तिकडे साडूंच्या माडीवर शेजारीपाजारी, आणि यंत्राशी त्यांची बायको. उन्हावाचून डोंगरावरच्या पेटीत जेमतेम धुगधुगी उरलेली. साडू ओरडत होते, “चार शब्दांत आटपा! नमस्कार-चमत्कार नकोत!” आमच्याकडच्या यंत्राच्या पडद्यावर आधी अक्षरांचा नुसता चिवडा उमटला. “अगो बाय, माज्या लेकीचं हे काय झालं?” म्हणत एक म्हातारी रडायलाच लागली. साडूंच्या यंत्राने आमचा निरोप त्यातून वजा केला आणि उरलं, ‘आये, मी माडीवर हाय.’ म्हातारीने ते मला तीनदा वाचायला लावलं. ट्रकवाल्या कासमभाईंना वडिलांचा निरोप आला, ‘नमाज झाली, चहा झाला.’ ते हसता हसता डोळे पुसू लागले. एकेकाचा निरोप येत गेला. साडूंच्या बायकोचा तेवढा आला नाही.

“तुम्ही विचारा की,” मी म्हणालो.

“तिचा नंबर लागला की येईल.” साडूंनी पुढच्याला बोलावलं. तेवढ्यात पडदा कोरा झाला. डोंगरावरची पेटी बंद पडली होती, आणि पाणी अजून चढतच होतं.

पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल तुडवत महाडला पोचलो. जिन्याच्या वरच्या पायरीवर साडूंची बायको उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. “सगळ्यांचं आधी होऊ दे म्हटलं,” ती म्हणाली. “माझा निरोप राहून गेला.”

साडूंनी तिचा हात धरला. “बरी आहेस ना? बरी आहेस ना गं?”

“अहो, सांगितलं ना, बरी आहे.”

तरी ते विचारतच राहिले. आणि तीही, न कंटाळता, दर वेळी सांगत राहिली. मी हळूच जिना उतरून अंगणात आलो.