धुक्यात सावडलेला मामा

“आमचा बाप कुठं नेला रं, मुडद्यांनो?”

सकाळचे आठ वाजले होते आणि मामाच्या गावी, बावड्यात, असलं धुकं पडलं होतं की आधी शिवी यायची आणि मग तिच्यामागून माणूस. हा माणूस म्हणजे विकास, शेजारच्या सर्जेरावांचा मुलगा. आणि त्याचा बाप (हे मलाही त्याच क्षणी कळलं!) मी नुकताच माझ्या मामाच्या रानात आंब्याखाली पुरला होता.

मामा आणि सर्जेराव एकाच दिवशी गेले. बांधावरून वीस वर्षं भांडले, जातानाही कुणी कुणाला पुढं जाऊ दिलं नाही! स्मशानात ओटेसुद्धा शेजारी-शेजारी. मामानं मागणं एकच मागितलं होतं, “माझी राख नदीत सोडू नका. माझ्या रानात टाका, वर आंबा लावा.” हल्ली आमच्याकडं बरेच जण तसं करतात.

तिसऱ्या दिवशी सावडायला निघालो, तर धुक्यात स्मशानच सापडेना. ऊस, नदी, आभाळ, सगळं एकाच पातेल्यातलं दूध झालेलं. तेव्हा बारामतीचा शिकलेला भाचा, म्हणजे मी, पुढं झालो (आमच्या घराण्यातल्या बहुतेक दुर्घटना अशाच सुरू होतात) आणि सगळ्यांना नदीच्या अंगानं आत नेलं. “डावीकडचा ओटा आपला!” मी ठणकावलं. फाटकातून आलं तर तो डावीकडं होता. नदीकडून नव्हता.

राखेत हातभर पोलादी सळई निघाली. मामेभाऊ दत्ता चपापला.

“दादा, ही काय?”

“अरे, मामा जन्मभर गूळ खायचा. गुळात लोह असतं. साठतं!”

दत्तानं मान डोलावली. बाप गेलेला माणूस काहीही ऐकून घेतो. मग रानात येऊन तीच सळई मी आंब्याच्या रोपाला आधार म्हणून रोवली!

विकासनं ती पाहिली आणि पुढं होऊन मुठीत धरली. “ही माझ्या बापाच्या मांडीतली हाय. ट्रॅक्टरवरनं पडला तवा बसवलेली.”

मी फावडं घेऊन खड्डा उकरला, पण राख, शेणखत आणि दोन बादल्या पाणी यांचा पार काला झाला होता.

“ह्यातनं आता माझा बाप निवडून दे!” विकास रडत ओरडला. मी खरंच गुडघ्यावर बसून निवडायला लागलो. मग त्यालाच माझी दया आली. त्यानं सळई उपसली, घमेलंभर चिखल भरला आणि नदीची वाट धरली. उरलेल्या सर्जेरावांच्या अंगावर आम्ही स्मशानातून खरा मामा आणून ओतला. वीस वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका जागी गप्प होते.

मामी एवढा वेळ बांधावर बसून होती. मी तिच्यापुढं हात जोडले.

“मामी, चुकलं माझं. आता हे झाड नेमकं कुणाचं म्हणायचं?”

मामीनं रिकामी बादली उचलली.

“कुणाचं बी म्हण. पाणी मलाच घालायचं हाय.”