चिलीचं खोकं

पृथ्वीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव शाळेच्या कागदांबाहेर कुठे उरलंच नव्हतं. मुलं म्हणत, मुलांचे आईबाप म्हणत, आणि रागावली की बायकोही म्हणे. इतिहास शिकवायचे. आता इतिहासाच्या मास्तराला विचारतो कोण? गणिताच्या सरांच्या दाराशी चपलांचा ढीग, आणि यांच्या तासाला मुलं घड्याळाकडे बघत बसलेली. पण या गृहस्थांनी तरुणपणी एक खूळ काढलं आणि अख्खी नोकरी त्या खुळापायी घालवली.

खूळ असं होतं. वर्ष सुरू झालं की वर्गातल्या प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत जो देश निघेल तो वर्षभर आपला. अदलाबदल नाही आणि रुसवेफुगवेही नाहीत. देशाबरोबर बुटाचं एक खोकं मिळायचं. त्यात आधीच्या पोरांनी जमवलेलं सगळं असायचं: वर्तमानपत्राची कात्रणं, तिकिटं, हाताने काढलेले नकाशे, कुणा अनोळखी बाईने पाठवलेल्या पत्राची नक्कल. आपण त्यात भर घालायची आणि वर्षअखेरीला खोकं पुढच्याच्या हवाली करायचं. मग धडा कुठलाही चालू असो, मास्तर मध्येच थांबत, कुणाकडे तरी खडू रोखत आणि विचारत, "बरं, आणि तेव्हा तुमच्याकडे काय चाललं होतं?" त्या पोराने उठून सांगायचं. जगात जे घडतं ते फक्त आपल्याच गल्लीत घडतं असं समजून कुणी शाळेबाहेर पडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मुलांनाही त्याची अशी चटक लागे की डबा खाताना घाना जपानच्या डब्यात हात घाली आणि तुर्कस्तान ग्रीसची तक्रार घेऊन येई.

घरी मात्र या खुळाचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा त्यांच्याच वर्गात होता. त्याने चिठ्ठी उचलली आणि निघाला उरुग्वे, जो कुणालाच नको होता. बाप मास्तर असला तरी नियम तो नियम. पोरगं वर्षभर त्या खोक्यात डोकं घालून बसलं आणि मोठं झाल्यावर पवनचक्क्या उभारायच्या नोकरीवर थेट तिकडेच गेलं. तिकडचीच मुलगी केली. फोनवर आता तो "आमच्याकडे" म्हणाला की ते तिकडचं असतं. बायको फोन ठेवायची आणि नवऱ्याकडे न बघता म्हणायची, "द्या अजून चिठ्ठ्या." पोर आपणच आपल्या हाताने दूर लोटलं की काय, हा विचार मास्तरांनाही खात होताच.

अशात निवृत्ती तोंडावर आली. जिना चढताना दम लागायचा, घसा दुपारीच बसायचा, आणि वर्गात शिरण्याआधी ते दाराबाहेर जरा भिंतीला टेकून उभे राहायचे. एवढं वर्ष रेटायचं आणि घरी बसायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. नेमकं त्याच वर्षी परीक्षेत ते झालं.

मोठ्या परीक्षेत सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न आला: पहिल्या महायुद्धाचा तुमच्या देशातील सामान्य माणसांच्या जीवनावर काय परिणाम झाला ते लिहा. दुसऱ्या कुठल्याही शाळेतल्या पोरांनी पाठ केलेलं उत्तर उतरवलं असतं. यांच्या वर्गाने काय करावं? प्रत्येकाने आपापला देश लिहिला! जपानने जपानचं लिहिलं, घानाने घानाचं, सगळे खुशीत बाहेर आले. परीक्षकाने सरसकट भोपळे दिले. बरीचशी मुलं कशीबशी तरली. काही बुडाली, आणि त्यात चिली होती.

चिली म्हणजे वर्गातली सगळ्यात मनापासून शिकणारी मुलगी. तिची आई इस्पितळात आया होती. लेकीने तिथेच, पण नर्सच्या कपड्यांत वावरावं, एवढा एकच ध्यास त्या माउलीने धरला होता. नर्सिंगला जागा मिळत होती, पण इतिहासात नापास असलेल्या मुलीला कोण घेणार? आई शाळेत आली ती भांडायला नाही. मास्तरांसमोर बाकावर बसली, नुसती पदराने तोंड पुसत राहिली आणि म्हणाली, "सर, तिची काय चूक झाली ते तरी सांगा." मास्तरांना तोंड वर करवेना.

मुख्याध्यापिका बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनीच परीक्षा मंडळात खेटे घालून मार्ग काढला. मास्तरांनी मंडळापुढे उभं राहून सांगायचं की मी चुकीचं शिकवलं, मुलांचा गोंधळ केला. मग तो प्रश्न बाजूला ठेवून बाकीच्या उत्तरांवरून मुलांचे गुण धरले जातील. अर्थात चिठ्ठ्या बंद, खोकी बंद. उरलेले दिवस मास्तरांनी पुस्तकातलं शिकवायचं. बाई हळूच म्हणाल्या, "सर, एक वाक्य तर आहे." मास्तरांनी मान हलवली. वाक्य एकच होतं, पण त्याखाली त्यांचा सगळा जन्म जाणार होता. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, सुटलात एकदाचे. मग का कोण जाणे, तिने त्यांना न मागता चहा करून दिला.

मंडळाच्या कचेरीत लांबलचक टेबल होतं आणि पलीकडे दोन साहेब बसले होते. एक साहेब सारखा चष्मा पुसत होता. चिलीलाही तिच्या आईबरोबर बोलावलं होतं. सरांमुळे गोंधळ झाला एवढं सांग, असं तिला बाहेर सगळ्यांनी पढवलं होतं. चष्मेवाल्या साहेबाने तिची उत्तरपत्रिका समोर धरली आणि विचारलं, बाळ, प्रश्न कळला नव्हता का? ती म्हणाली, कळला होता. आणि थांबली असती तर बरं, पण ती सुटलीच. वाळवंटातून सोरा खणून तोफांच्या दारूसाठी कसा जायचा, युद्ध संपल्यावर मागणी कशी बसली, खाणींतली माणसं बायकामुलं घेऊन रस्त्यावर कशी आली, सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, हे ठीक आहे, पण हा तुझा देश नाही ना?

"हाही आहे," ती म्हणाली.

टेबलापलीकडे चुळबुळ झाली. साहेबाने उत्तरपत्रिका मिटली. मास्तरांनी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता हे प्रकरण हातचं जाणार, हे त्यांना दिसलं आणि ते खुर्चीचा हात धरून उठले.

"तिचं काही ऐकू नका, साहेब. तिला काय कळतंय? मी मुलांना चुकीचं शिकवलं. माझंच चुकलं."

पोरीने झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली मान घातली ती बाहेर येईपर्यंत वर केली नाही. गुण मिळाले, जागाही मिळाली. आई शाळेत येऊन मास्तरांच्या पाया पडायला वाकली, तेव्हा ते मागे सरकले.

त्यानंतर एके दुपारी ते रिकाम्या वर्गात खोकी सुतळीने बांधत बसले होते. रद्दीवाला येणार होता. दारात चिली उभी राहिली. तिच्या हातात तिचं खोकं होतं.

"सर, चिली कुणाला देऊ?"

कुणाला देणार होती? पुढे कुणी नव्हतंच. मास्तर म्हणाले, ठेव त्या ढिगात. ती हलली नाही. तिने विचारलं, तुम्ही तिथे जे बोललात ते खरं होतं का? थाप मारून वेळ मारून नेता आली असती, पण आता त्यांच्यात तेवढंही त्राण नव्हतं.

"नाही. खोटं बोललो. तुझी जागा जाऊ नये म्हणून."

ती म्हणाली, "आई म्हणते तुमचे उपकार विसरायचे नाहीत. मी नाही विसरणार. पण सर, मी तिथे खरं बोलत होते. आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, हिला काय कळतंय."

मास्तरांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. शाळा गेली, खूळ गेलं, त्याचं दुःख ते इतके दिवस कुरवाळत बसले होते. हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तुमच्याकडे काय चाललंय असं जन्मभर विचारलं, आणि एका मुलीने नीट उत्तर दिलं तेव्हा त्यांनीच तिला खाली बसवलं होतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. या वेळी ते खरं होतं, आणि तिला ते कळलं.

तिने खोकं ढिगात ठेवलं नाही, त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. म्हणाली, बसमध्ये झाकण निघतं, जरा बांधून द्या. मास्तरांनी सुतळीचा दुहेरी वेढा घातला. पण गाठ काही बसेना. तेव्हा तिने पुढे होऊन गाठीवर बोट धरलं.