स्कारवाटनचे पाच तास

आमच्या तोर्लाइफने सदतीस वर्षं फिओर्डच्या खाडीत फेरीबोट चालवली. एकदा त्याची बायको इंगेब्योर्ग हातात पिशव्या घेऊन, हाका मारत धक्क्यावरून धावत येत होती, आणि या पठ्ठ्याने वेळ झाली म्हणून बोट सोडली. माझा सख्खा थोरला भाऊ आहे, पण खरं सांगते, एवढा हेकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दर जुलैत आम्ही दोघं भावंडं पाठीवर सॅक टाकून सहा दिवस डोंगरपठार तुडवतो. बत्तीस वर्षं झाली. इंगेब्योर्ग येत नाही, तिला सहा दिवस घरात शांतता हवी असते. वाटेवरच्या पाट्यांवर तासांचे आकडे लिहिलेले असतात, पण तोर्लाइफ ते मानेल तर शपथ! स्वतःच्या पायांनी चालून पाहिलेलाच आकडा खरा. पहिला टप्पा स्कारवाटनच्या मुक्कामाच्या घरापर्यंतचा. पाटी म्हणते सहा तास, त्याच्या नकाशावर पेन्सिलीने लिहिलंय पाच.

सतरा मेचा, राष्ट्रदिनाचा झेंडा उतरला की दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वयंपाकघरात नकाशा पसरायचा, कोपऱ्यांवर कॉफीचे कप ठेवायचे आणि भांडायचं. सुकवलेलं मटण कुणी उचलायचं, तपकिरी चीज किती घ्यायचं, माझा जाड स्वेटर कशाला हवा. तो माझी सॅक ओतायचा, मी त्याची. ते भांडण झालं की माझी सुट्टी सुरू.

यंदा भांडणच झालं नाही. ईस्टरला स्कीवरून पडून माझा उजवा घोटा मोडला होता, आत धातूची पट्टी बसवलीय. अठरा मेला मी काठी टेकत त्याच्याकडे गेले, तर टेबल रिकामं.

"नकाशा कुठाय?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू, गुडनी. कॉफी घे."

कॉफी घे म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सहासष्ट वर्षांची बाई मी, एकटी राहते, अख्खा हिवाळा त्या सहा दिवसांकडे डोळे लावून काढते. हे त्याला माहीत नाही होय? डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून मी रोज चर्चची चढण चढत होते, दात-ओठ खात. सहा आठवडे त्याचा साधा फोन नाही. मला वगळायचं ठरवलंय, आणि तोंडावर सांगायची हिंमत नाही, एवढं मी समजून चुकले.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मी उठले आणि दार न वाजवता त्याच्या घरात शिरले. टेबलावर नकाशा पसरलेला, कोपऱ्यांवर कप. माझ्याविना! स्कारवाटनपाशी पाहिलं तर पाच खोडलेले, कागद अगदी विरून जाईपर्यंत खोडलेले, आणि वर लिहिलेलं नऊ.

"नऊ तास?" मी ओरडलेच. "कुणाची पालखी नेतोयस? तुझ्या फेरीबोटीवरच्या त्या म्हाताऱ्या दोस्तांची? त्यांच्यासाठी नऊ तास चालतील, आणि बहीण नको?"

आतल्या खोलीतून तोर्लाइफ आला. एका पायात मोजा, दुसरा उघडा, आणि चक्क लंगडत.

"काय झालं पायाला?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" चुलीपाशी उभी असलेली इंगेब्योर्ग उसळली. "सांग ना तिला! मंगळवारी उजव्या बुटात खडा घालून स्कारवाटनला गेला होता हा. एवढा खडा! म्हणे, गुडनीला किती वेळ लागेल ते पाहतो. बर्फ वितळायची वाट बघत दीड महिना गप्प बसला, आणि आता टाच बघ."

टाच मी पाहिली. सालटं निघून लाल मांस दिसत होतं. निघायला तीन आठवडे राहिलेले.

"अरे गाढवा!" माझा आवाज चिरकला. "मला तोंड नाही का? विचारायचंस की!"

"विचारलं असतं तर तू पाच म्हणाली असतीस."

म्हणालेच असते. आणि दुसऱ्या ओढ्यापाशी घोटा सुजून टम्म झाला असता, तरी हूं की चूं केलं नसतं.

"मग एकटा जायचंस," मी म्हणाले. "पाच तासांत पोचला असतास."

"आणि तिथे बसून करू काय?" तो खेकसला. "तुझ्या चार तास आधी पोचून करू काय मी, सांग!"

मी त्याला ढकलून खुर्चीत बसवलं. इंगेब्योर्गकडून औषध घेतलं आणि शिव्या देत देत टाच बांधली. मुद्दाम घट्ट बांधली. तो कळवळला, तर म्हटलं ओरड, अजून ओरड, दीड महिना जीव खाल्लायस माझा. मग डोळे पुसून त्याचीच पेन्सिल उचलली, नऊ खोडले आणि दहा लिहिले.

"दहा कशाला?" तो म्हणाला.

"तुझ्या टाचेला एक. आणि मटण तू उचलायचंस."

"मटण तू," तो म्हणाला. "मी चीज घेणार."

इंगेब्योर्गने आणखी कॉफी ओतली, आणि आम्ही भांडायला बसलो.